कोणत्या मापाने?

मांजरसुंब्याच्या फाट्यावर वाद घालायला विषय लागत नाही, एसटी उशिरा असली की पुरते. बीडकडून घाट चढून वर आलेल्या माणसाला इथे तीन वाटा फुटतात. एक सोलापूरकडे जाते, एक पाटोद्याकडे आणि एक केज-अंबाजोगाईकडे. ज्याला आपली गाडी मिळत नाही तो चहाच्या हॉटेलात येऊन बसतो, आणि जो बसतो तो बोलतो. मी मॅट्रिकच्या पुढे न शिकलेला मास्तर. एका लहानशा विनाअनुदानित शाळेत मुलांना चार अक्षरे शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली निम्मी माणसे याच बाकांवरून उठून गेलेली आहेत, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

दिवाळी अंकातला समीक्षालेख म्हटला की तो एखाद्या पुस्तकावर असावा, असा संकेत आहे. यंदा तो संकेत मोडून मी एका वादाची समीक्षा करणार आहे. वाद क्रिकेटचा होता. परंतु खेळाशी ज्यांना कर्तव्य नाही अशा वाचक भगिनींनी पान उलटू नये. माणसाच्या कर्तृत्वाचे मोल कसे करावे, हा त्या वादाचा खरा विषय होता, आणि तो प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच.

वादाचे मुख्य पक्षकार दोन. एक आमचे अण्णा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दुसरा फाट्यावर गॅरेज चालवणारा तरुण. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. मिस्त्रीने सुरुवात केली, "अण्णा, मुंबईनं बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकला म्हणून इतकं काय मिरवायचं? पैका त्यांच्याकडं, मैदानं त्यांच्याकडं. तेवढं आमच्या बीडला द्या, मग बघा!"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "पैक्यानं धावा निघत नसतात लेका. तसं असतं तर सावकाराच्या पोरानं शतकं ठोकली असती. खेळणारा खेळतो, न खेळणारा पैक्याचं नाव सांगतो."

तिथून गाडी आयपीएलच्या लिलावावर गेली, मग सुनील गावसकर थोर की सचिन तेंडुलकर यावर आली, आणि शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही पुस्तकं लिहिता. तुम्हीच सांगा." मी हसून वेळ मारून नेली. त्या वेळी कोपऱ्यातल्या बाकावर एक तरुण बसला होता. तो माझा जुना विद्यार्थी. तो एक शब्दही बोलला नाही. त्याच्याविषयी शेवटी सांगेन. कारण मला उत्तर का देता आले नाही याचे कारण तोच आहे.

*

आधी संघांचा हिशेब पाहू.

रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी मुंबईने जिंकला. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे तो मुंबईच्या कपाटातून बाहेर निघाला नाही. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात विदर्भाला हरवून मुंबईने बेचाळीसचा आकडा गाठला. याउलट आपला महाराष्ट्राचा संघ, ज्याच्या कक्षेत पुण्यापासून आमच्या मराठवाड्यापर्यंतचे जिल्हे येतात, त्याने हा करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ अशा दोनच वर्षी जिंकला. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि रिकाम्या हाताने परतला.

आता मिस्त्री म्हणतो तसा मुंबईने हा करंडक विकत घेतला काय? त्या पंधरा वर्षांत खेळाडूंचे लिलाव नव्हते. पैशाच्या थैल्या घेऊन कोणी कोणाच्या दारात उभे राहत नव्हते. तेव्हा अण्णा सरळसरळ खरे ठरतात, असे वाटते. पण जरा खोलात गेले की दिसते, पैसा होता. फक्त त्याने निराळी वस्त्रे घातली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क ही सोन्याच्या भावाची जमीन शहराने खेळासाठी मोकळी ठेवली, हा पैसाच. हॅरिस आणि गाइल्स शील्डच्या शालेय स्पर्धांतून पोरवयातच मोठ्या सामन्याची सवय लागे. १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर कांगा लीगचे सामने होत. टाइम्स शील्डमध्ये कंपन्यांचे संघ उतरत. एसीसी, टाटा, निर्लॉन यांसारख्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. खुद्द गावसकर निर्लॉनमध्ये होते. सकाळी सराव आणि महिनाअखेर पगार, यापरती शिष्यवृत्ती कोणती?

म्हणजे मुंबईने फलंदाज विकत घेतला नाही. फलंदाज घडतो ते अंगण तिने बांधून ठेवले होते. हा खर्च कोणत्याही संघाच्या जमाखर्चात दिसत नाही, म्हणून अण्णांना तो दिसत नाही. मिस्त्रीला तो दिसतो, परंतु अर्धाच. कारण त्या अंगणात हजारो पोरे उतरत आणि त्यांतून अकरा निवडले जात. अंगण असणे ही श्रीमंती खरी. पण त्या गर्दीत टिकणे ही ज्याची त्याची कमाई.

घरातलेच उदाहरण घ्या. दिवाळीत दोन जावांचे लाडू शेजारी ठेवले जातात. एकीकडे डबाभर साजूक तूप आहे. दुसरीने वाटीभर तुपात बेसन भाजले आहे. पहिलीचा लाडू अधिक खमंग लागला तर त्यात तुपाचा वाटा आहेच. पण भरपूर तूप असूनही बेसन करपवणाऱ्या सुगरणी आपण पाहिल्या नाहीत काय? आणि वाटीभर तुपात जिने लाडू वळले तिचा हात अधिक तयार असेल, ही शंका चाखणाऱ्याच्या मनात यायला नको काय? लाडू कोणता चांगला हा एक प्रश्न. सुगरण कोण हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकाच घासात मिळत नाही.

विदर्भाने हे अधिक स्पष्ट केले. वर्षानुवर्षे या संघाला कोणी मोजत नसे. तोच संघ २०१७-१८ साली दिल्लीला हरवून रणजी जिंकला. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणी या तरुण वेगवान गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. २०१८-१९ साली त्यांनी करंडक राखला आणि २०२४-२५ साली केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर पुन्हा मिळवला. तेथेही पैसा खर्च झाला. प्रबोधिनी उभी राहिली, चंद्रकांत पंडितांसारखे कडक प्रशिक्षक आले, वसीम जाफरसारखा मुंबईत मुरलेला फलंदाज बाहेरून आला. तरीही कोणी 'विदर्भाने करंडक विकत घेतला' असे म्हणत नाही. का? कारण तो आजवर गरीब समजला जाणारा संघ होता! पैसा तोच, पण श्रीमंताने खर्चला की तो माज ठरतो आणि गरिबाने खर्चला की जिद्द. आपल्या वादातली ही पहिली लबाडी.

*

आता आयपीएलचा बाजार. २००८ साली ही स्पर्धा सुरू झाली. मुंबईचा संघ सर्वांत महाग, ११ कोटी १९ लाख डॉलरांना विकला गेला. राजस्थानचा सर्वांत स्वस्त, ६ कोटी ७० लाखांना. पहिले अजिंक्यपद शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली राजस्थानने नेले, आणि मुंबई उपांत्य फेरीतही पोचली नाही. अण्णांना यावर टाळी द्यावीशी वाटेल. परंतु घाई करू नये. लिलावात प्रत्येक संघाने किती खर्चावे याला वरची मर्यादा घातलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. त्यातले २७ कोटी लखनौने एकट्या ऋषभ पंतवर लावले आणि तो संघ सातव्या क्रमांकावर राहिला. म्हणजे राजस्थान जिंकले ते पैशाला हरवून नव्हे. पैशाला आधीच वेसण घातली होती म्हणून त्याला लढता आले.

तरी मुंबईने २०१३ ते २०२० या काळात पाच वेळा अजिंक्यपद मिळवलेच. थैली सर्वांची सारखी, मग हे कसे? एक कारण असे की पारखी माणसे पदरी ठेवण्याचा खर्च त्या थैलीत मोजला जात नाही. जसप्रीत बुमराहला त्यांनी २०१३ साली हेरले, तेव्हा त्याचे नाव गुजरातबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पैशाला एका दाराशी अडवले तर तो दुसऱ्या दाराने, अधिक सभ्य कपडे घालून आत येतो.

हा वाद केवळ आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा, आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ शोभेल असा खेळ आहे. तिथे संघाने खेळाडूंवर किती खर्चावे याला पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेले तर दंडवजा कर भरायचा, इतकेच. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूशी २०२३ च्या डिसेंबरात दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरांचा करार केला आणि २०२४ व २०२५ अशी दोन्ही वर्षे अजिंक्यपद मिळवले. तेथील मिस्त्री म्हणतात, विकत घेतले. तेथील अण्णा म्हणतात, खेळून मिळवले. उलट बाजूस ओकलंडचा संघ २००२ साली न्यूयॉर्कच्या धनाढ्य यँकीज संघाच्या सुमारे एक तृतीयांश पगारखर्चात सलग वीस सामने जिंकला. त्यावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. अजिंक्यपद मात्र मिळाले नाही. हे शेवटचे वाक्य ती गोष्ट सांगणारे बहुधा गाळतात.

एवंच, संघाच्या यशाची चर्चा करताना पैशाचा हिशेब मांडलाच पाहिजे. तो न मांडणे हा भाबडेपणा आहे. पण तोच हिशेब घेऊन आपण जेव्हा एकेका खेळाडूच्या आयुष्याचे मोल करायला बसतो, तेव्हा मात्र घोटाळा होतो.

*

भाऊसाहेब निंबाळकरांची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर उभा होता. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव सोडा, नाही तर आम्ही घरी जातो. आणि ते खरोखरच सामना सोडून गेले! निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. २०१२ साली ते गेले तेव्हाही त्यांच्या नावामागे त्या न झालेल्या नऊ धावाच आधी आल्या, आणि झालेल्या ४४३ मागाहून.

पद्माकर शिवलकर हे दुसरे नाव. डावखुरी फिरकी. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी, आणि कसोटी सामना एकही नाही. कारण त्याच काळात, त्याच हाताने, त्याच जातीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारताच्या संघात होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. त्यांनी ७५० बळी घेतले. २०१७ साली क्रिकेट मंडळाने दोघांना जीवनगौरव पुरस्कार एकदमच दिला, जणू दोघांची अडचण एक म्हणून सत्कारही एकच! शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्यावर जे लिहून आले त्यात 'दुर्दैवी' हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की शेवटी मला त्याचा राग आला.

करुणा म्हणजे समीक्षा नव्हे. एखाद्या कवीविषयी लिहिताना 'याला पारितोषिक मिळाले नाही' एवढेच लिहून जो थांबतो, त्याने त्याची कविता वाचलेली नसते. शिवलकरांना काय मिळाले नाही हे सर्वांना पाठ आहे. त्यांनी काय केले ते किती जण सांगतील? १९७२-७३ चा रणजीचा अंतिम सामना मद्रासला झाला. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी, आणि समोर घरच्या मैदानावरचा तामिळनाडूचा संघ. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. तामिळनाडू ८० आणि ६१ धावांत गारद झाले आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना आटोपला. मुंबईच्या सलग पंधरा विजयांतला तो शेवटचा. हे ज्याने केले त्याला दुर्दैवी म्हणणे म्हणजे भरलेल्या कणगीपुढे उभे राहून रिकाम्या ताटाविषयी हळहळण्यासारखे आहे.

पण येथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिवलकरांचे ते ५८९ बळी नोंदले गेले, कारण त्यांना मुंबईचे अंगण मिळाले होते. ते आमच्या भागात जन्मले असते तर बेदींच्या मागे उभे राहून वाट पाहण्याचा मानही त्यांच्या वाट्याला आला असता की नाही, कोण सांगणार! दार बंद होण्यासाठी आधी दारापर्यंत वाट असावी लागते.

प्रा. दि. ब. देवधर तर व्यवसायाने माझेच भाऊबंद. पुण्याला संस्कृत शिकवीत. १९२६ साली पाहुण्या एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. पण भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. संधी आली ती त्यांचे वय निघून गेल्यावर. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीच महाराष्ट्राला ते दोन रणजी करंडक मिळवून दिले, आणि १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके काढली. कसोटी सामन्यांच्या मापाने मोजले तर देवधर शून्य. मग चूक देवधरांची की मापाची?

अमोल मुजुमदारचे उदाहरण ताजे आहे. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून हा मुलगा बसून राहिला होता. मोठेपणी त्याने प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा आणि तीस शतके काढली. भारताच्या संघाचे बोलावणे आले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल होता. 'शेवटी न्याय झाला' असे त्या रात्री सारे म्हणाले. मला तसे वाटत नाही. विश्वचषक नसता मिळाला, तरी ती तीस शतके तीसच होती.

*

आता घराकडे येऊ.

आमचा बीड जिल्हा वर्तमानपत्रांत दुष्काळासाठी आणि ऊसतोडीसाठी येतो. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच जिल्ह्यातला. पाटोद्याचा राहुल आवारे तर आमच्या शेजारचाच. त्याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवले आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य. बीडचा सचिन धस २०२४ च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून गेला. ४ बाद ३२ अशी दैना असताना त्याने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली, हे आमच्या फाट्यावर लहान पोरेही सांगतात.

या मुलांविषयी जे लिहिले जाते ते मी कादंबरीकाराच्या नजरेने वाचतो, आणि मला त्याची रचना सदोष वाटते. पहिल्या प्रकरणात गरिबी, दुसऱ्यात जिद्द, तिसऱ्यात पदक. गरिबी येते ती वेषभूषा म्हणून, आणि जिद्द आली की ती रंगमंचावरून निघून जाते. मधली पाने कोणी तरी फाडली आहेत.

अविनाशचे आई-वडील वीटभट्टीवर राबले, तो सहा-सहा किलोमीटर चालत शाळेला गेला, हे खरे. पण नंतरची पाने अशी आहेत : तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनच्या बर्फात राहिला. सैन्यातल्या प्रशिक्षकाने, अमरीशकुमारांनी, त्याला अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळवले. सैन्याने त्याला खुराक दिला, पगार दिला, वेळ दिला. पुढे सरावासाठी तो अमेरिकेतल्या डोंगराळ प्रदेशातही राहिला. हा सगळा खर्च कोणी तरी केला. तो सांगितल्याने अविनाशचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमला केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे तो अवघ्या पाच शतांश सेकंदाने राहिला. ते अंतर कोणाच्याही पैशाने कापलेले नव्हते. राहुललाही पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांसारखा वस्ताद आणि तालीम मिळाली, तेव्हा अंगातल्या बळाला डावांची जोड मिळाली.

फाडलेली पाने परत न चिकटवता ही गोष्ट मुलांना सांगणे किती घातक आहे, हे मला फार उशिरा कळले.

*

कोपऱ्यातल्या बाकावरच्या त्या तरुणाकडे आता वळतो.

तो माझ्या वर्गात होता. डाव्या हाताने फिरकी टाकायचा. शाळेमागच्या मुरमाड मैदानात त्याचा चेंडू पडून असा वळायचा की सातवीतली मोठी पोरे बॅट सोडून हसत उभी राहायची. मी त्याला शिवलकरांचे नाव सांगितले. आणि एक वाक्यही सांगितले, जे मी वर्षानुवर्षे प्रत्येक वर्गाला सांगत आलो होतो : "जिद्द असली की पैसा आडवा येत नाही."

मोठा झाल्यावर वडिलांनी मुकादमाकडून नेहमीपेक्षा जास्त उचल घेतली आणि त्याला पुण्याला एका क्रिकेट शिकवणाऱ्या संस्थेत पाठवले. वर्षभर पैसे पुरले. नंतर फी, खोलीभाडे आणि बूट यांतले काही ना काही दर महिन्याला राहू लागले. एके दिवशी तो बॅग घेऊन फाट्यावर उतरला. घेतलेली उचल फेडायची म्हणून पुढच्या हंगामाला आई-वडिलांबरोबर कोयता घेऊन निघाला.

त्या दिवशी वाद संपून सारे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. अण्णांचे बोलणे त्याच्या मनात राहिले असावे. म्हणाला, "मास्तर, अण्णा बरोबर बोलले. माझ्यातच कमी होतं. तुम्ही सांगितलं होतं ना, जिद्द असली की पैका आडवा येत नाही. म्हंजी जिद्दच कमी पडली."

तो रागाने बोलला असता तर मला सोपे गेले असते. त्याने ते अगदी साधेपणाने, गणित चुकलेल्या मुलासारखे सांगितले. माझे वाक्य त्याने खरे मानले होते आणि त्यातून निघणारे उत्तर प्रामाणिकपणे स्वतःच्या नावावर लिहून घेतले होते.

अण्णा आणि मिस्त्री यांच्या वादाचा निकाल मला तेव्हा लागला. संघ जिंकला की त्याची थैली पाहावी. मिस्त्रीचा प्रश्न तिथे रास्त आहे. माणसाचे मोल करताना त्याने मिळालेल्या वाटेवर काय केले ते पाहावे; अण्णांचा आग्रह तिथे रास्त आहे. पण ज्याला वाटच मिळाली नाही त्याला अण्णांच्या मापाने मोजू नये, आणि ज्याने वाट मिळाल्यावर घाम गाळला त्याचे श्रेय मिस्त्रीच्या हिशेबाने काढून घेऊ नये. दोन मापे निराळी आहेत. आपण एकाने घेतो आणि दुसऱ्याने देतो.

दिवाळीचे दिवस म्हणजे आमच्याकडे टोळ्या निघण्याचे दिवस. लक्ष्मीपूजन झाले की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि फराळाचा डबा चढतो. तो निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो ताडपत्री बांधत होता. मी म्हणालो, "तुझ्यात काय कमी होतं, काय जास्त होतं, ते कुणालाच कळलं नाही बाबा. कळावं इतके चेंडूच तुला टाकायला मिळाले नाहीत. मी वर्गात सांगितलं ते चूक होतं."

त्याने दोरीची गाठ आवळली. आई आतून चहा घेऊन आली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "धाकटा यंदा तुमच्या वर्गात हाय, मास्तर. आजीजवळ ऱ्हातोय. त्याचा बी हात डावाच हाय. त्याला काय सांगताल?"

शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत. त्याला शिवलकरांचे ५८९ बळी सांगायचे ठरवले आहे, आणि त्यांच्या शेजारी शिवाजी पार्क, कांगा लीग आणि महिनाअखेरचा पगार हेही फळ्यावर लिहायचे आहे. अविनाशच्या सहा किलोमीटरांखाली सैन्याचा खुराक लिहायचा आहे. मैदानातला मुरूम मात्र त्याच्या आधी उचलला पाहिजे. त्यासाठी मिस्त्रीने रविवारी ट्रॅक्टर द्यायचे कबूल केले आहे, आणि अण्णा देखरेखीला येणार आहेत. वाद तिथेही होईलच.